अक्काच्या ओटीतला नारळ

कोल्हापूर,
३ नोव्हेंबर २०२५

चि. इरावतीस अनेक आशीर्वाद.

सत्तर वर्षांपूर्वीचा एक आवाज सकाळपासून कानातून जात नाही. दस्तगीरभाई मणेर आमच्या सोप्यात मांडी घालून बसत, अक्काचा हात आपल्या हातात घेत आणि बांगडी चढवण्याआधी तिची बोटं दाबताना तोंडानं हलकेच 'च् च् च्' करीत. बुजऱ्या गाईला थोपटताना गडी करतो ना, तसा. मी आठ वर्षांचा. पाढे घोकण्याच्या बहाण्यानं शेजारी बसून ऐकत असे. त्या आवाजानं हात आपोआप सैल पडतो, असं अक्का म्हणे. गल्लीतल्या साऱ्या लेकीसुनांचे हात हातात घ्यायची मुभा असलेला तो एकच परका पुरुष, आणि त्याबद्दल कुणाच्या मनात कधी किंतु आला नाही.

त्याच दस्तगीर मणेरला परवा पुण्यात तुझ्या सिनेमाच्या खास खेळात मी शत्रूला निरोप विकताना पाहिलं. नावसुद्धा तेच.

आधी चांगलं सांगतो. तू गाडी पाठवलीस, अक्काला जयसिंगपुरातून उचललं, तिनं ठेवणीतलं नऊवारी नेसून डब्यात थालीपीठं घेतली होती. पडद्यावर 'मोहीम चंद्रमौळी' अशी अक्षरं उमटली तेव्हा माझी छाती फुगली. माझ्या कवितेतला शब्द! शाळेच्या स्नेहसंमेलनात तीसेक वर्षं मुलांनी ती कविता तालासुरात म्हटली, तूही लहानपणी माझ्या मांडीवर बसून म्हणायचीस:

निघाला कुणी वीर तो सांजवेळी
तया संकटी रक्षितो चंद्रमौळी

मग लेखिका म्हणून तुझं नाव आलं. पहिली टाळी मी वाजवली. अक्कानं मला कोपरानं ढोसलं, पण हसत होती.

पुढे काय झालं ते तुला माहीतच आहे. मी तुला काय सांगितलं होतं, पोरी? गोव्याच्या लढ्याचे दिवस. अक्का सतरा वर्षांची, नुकतं लग्न झालेली. पलीकडे पेडण्यात आमची मावशी. फिरंग्यांच्या चौकीवर पुरुषांच्या टोप्यासुद्धा उलट्या करून बघत. पण लेकीच्या पदरात बांधलेल्या ओटीला, त्या तांदूळ-खण-नारळाला, हात लावायला तिथले आपले शिपाई धजत नसत. दस्तगीरभाई चिठ्ठी आणत, नारळाच्या शेंडीत दडवत आणि वरचे तंतू लाखेनं असे चिकटवत की देवालाही कळू नये. अशा चार खेपा अक्कानं केल्या. चौथीच्या आधी दस्तगीरभाई पकडले गेले, मोडलेल्या बोटांनी परत आले, पुन्हा कुणाला बांगडी भरू शकले नाहीत.

तू काळ आजचा घेतलास, शत्रू शेजारचा घेतलास, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुझी राजनंदिनी! सहा जणांना लोळवते खरी, पण कुठे वळायचं, कधी वाकायचं हे नायक तिच्या कानातल्या यंत्रातून सांगतो. डोकं तिच्या खांद्यावर आणि विचार दुसऱ्याचा. नारळ पुढे न्यायची वेळ येते तेव्हा नायक तो तिच्या हातातून काढून घेतो, आणि ती खलनायकापुढे नाचायला जाते. कॅमेरा तिच्या तोंडाकडे बघायला दोनदाच येतो: ती रडते तेव्हा आणि मरते तेव्हा. आणि बांगडीवाला फितूर निघाला त्या क्षणी थिएटरात शिट्ट्या पडल्या. घोषणाही झाल्या. माझ्या मागचा एक जण म्हणाला, की हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. नुसतं नाव ऐकून!

जयसिंगपूरला अक्का उतरताना मी हात पुढे केला, तो तिनं धरला नाही.

हे कुणी केलं, ते मला स्पष्ट लिही. फोन करू नकोस, फोनवर तू लाडात येतेस आणि मी विरघळतो. माया आटलेली नाही, म्हणूनच विचारतो आहे.

तुझा
आजोबा


मुंबई,
८ नोव्हेंबर २०२५

ती. आजोबांस इरावतीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाकिटावरचं तुमचं वळणदार अक्षर बघून वॉचमनकाकांनी ते लग्नपत्रिकेसारखं दोन्ही हातांनी दिलं. आत मात्र छड्या होत्या.

आजोबा, तुम्ही वृत्तात लघु-गुरू मोजता तशा इथे टाळ्या मोजतात. कितव्या मिनिटाला पहिली, मध्यंतराआधी किती. माझ्या पहिल्या खर्ड्यात नारळ शेवटपर्यंत राजनंदिनीच्याच हातात होता. नायकाचं काम करणाऱ्यानं तो वाचला आणि विचारलं, की मग मी काय करायचं, टॅक्सी चालवायची? सगळे हसले आणि पुढच्या खर्ड्यात नारळ त्याच्याकडे गेला. सहा जणांना ती एकटी लोळवते, ते दृश्य राखायलासुद्धा मी दोन महिने भांडले. ते होतं चार मिनिटांचं, उरलं दीड मिनिटाचं. नाच मी लिहिला नाही, तो एक दिवस नुसता येऊन पडला. बाईच्या हातात पिस्तूल दिलं की आपण बाईसाठी पुष्कळ केलं, असं या मंडळींना मनापासून वाटतं. मुलाखतींत ते हेच सांगत फिरताहेत, आणि शेजारी बसून मी मान डोलावते आहे.

फितुरीचं म्हणाल तर तेही वरून आलं. हल्ली अशा सिनेमाला घरभेद्या लागतो, आणि तो कोण असावा हे जणू आधीच ठरलेलं असतं. नाव मात्र माझ्या चुकीनं राहिलं. तुमच्या गोष्टींच्या वहीतून टिपणात उतरलं, टिपणातून पटकथेत, आणि बदलायचं राहून गेलं. अजून तीन आठवडे आहेत, नाव बदलता येतं का बघते.

अक्काआजीला मी फोन केला. तिनं उचलून, कोण ते ऐकून, ठेवून दिला. तुम्ही तिची समजूत काढाल ना? माझा पहिला सिनेमा आहे, आजोबा. सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या नावानं लिहिलं.

थंडी पडली असेल, कानटोपी घाला. रागासकट तुमची माया माझ्याकडे राहू द्या.

तुमची
इरावती


कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास नरसूचा शि. सा. नमस्कार.

तीन वेळा फोन केला. सूनबाई सांगते, की अक्का देवपूजेला बसल्या आहेत. दुपारी चार वाजता कसली गं पूजा?

तुझा राग मला कळतो. मलाही पाठीत सुरी बसल्यासारखं झालं. ज्या पोरीला मी मांडीवर बसवून तुझी गोष्ट सांगितली, तिनंच ती बाजारात नेऊन उभी केली. तिचं पत्र आलं आहे. फितुरी वरच्या लोकांनी घातली म्हणते. मुंबईच्या त्या दुनियेत माणसाचं इमान राहत नाही, हेच खरं. आपल्या वेळी शब्दाला किंमत होती. कवितेतली एक ओळ चुकली तर आमचे गुरुजी सबंध वर्गाला उभं करीत.

माझ्यावर तरी रुसू नकोस. आवळ्याचं लोणचं घातलं आहे, रविवारी घेऊन येतो.

तुझा धाकटा,
नरसू


जयसिंगपूर,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. नरसूस आशीर्वाद.

लोणचं नको. रविवारी तू आलास तेव्हा मी घरातच होते. मीच सुनेला सांगितलं, दार उघडू नको म्हणून. फाटकाशी बरणी घेऊन उभा होतास ते खिडकीतून बघितलं. वाईट वाटलं, पण उघडलं न्हाई.

सिनेमात मी मेले त्याचं काही वाटलं नाही. सत्त्याऐंशीव्या वर्षी मरायला काय मुहूर्त लागतो? ती पोरगी तेवढ्याशा कपड्यांत भिंतीवरून उडी टाकते आणि तिचा गुडघा फुटत नाही, मला होडीतून उतरताना काटा मोडला तर महिनाभर लंगडत होते. असो, सिनेमा हाय, चालायचंच.

तू पोरीला नावं ठेवलीस ती वाचली. आता माझं ऐक. माझ्या हातातला नारळ पहिल्यांदा कुणी काढून घेतला? त्या हिरोनं? तू घेतलास, नरसू. 'निघाला कुणी वीर' म्हणे. कोण रे तो वीर? मी तर त्या होडीत कुणी वीर बघितला नव्हता, मी आणि एक आजारी शेळी होती. तुझ्या संमेलनाला मला पुढच्या खुर्चीत बसवायचास, पोरं छाती काढून माझीच गोष्ट मला म्हणून दाखवायची आणि मी टाळ्या वाजवायची. तेव्हा तू सांगितलंस, की अक्का, तुझ्या सासरी कळलं तर घोटाळा होईल म्हणून मुलगा घातला. बरं, मानलं. सासूबाई जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली, तुझे भावोजी जाऊन एकोणीस. तुझा तो मुलगा अजून चालतोच हाय.

माझं सोड, मला मिरवायची हौस कधी नव्हती. पण दस्तगीरभाई? त्या कवितेत ते न्हाईतच. सोळा ओळींत चंद्र आहे, वारा आहे, महादेव आहे, लाख लावणारा माणूस न्हाई. तू त्यांची जागा रिकामी ठेवलीस. रिकामी जागा दिसली की कुणीही येऊन काहीही ठेवतं. पोरीनं ठेवलं.

ते जिवंत परत आले तेव्हा गल्लीत कुजबुज झाली होती, की हा सुटला कसा, नावं सांगितली असणार. ते खोटं होतं हे एकटीला मला ठाऊक होतं. कारण ते कोठडीत असताना मी चौथी खेप केली. तीच वाट, तीच चौकी, तसलाच नारळ. त्यांनी तोंड उघडलं असतं तर मी परत आले असते का? पण ते सांगायचं तर मी गेले होते हे सांगावं लागलं असतं. म्हणून मी गप्प बसले, माणूस मान खाली घालून दुकानाच्या पायरीवर बसला आणि तसाच गेला. हे पाप माझंही हाय. मी ते तुला सांगितलं होतं, तुझ्या हातात लेखणी होती म्हणून. गल्लीला सांगशील, कुठंतरी लिहिशील, असं वाटलं होतं.

त्यांची लेक जैतून तुझ्याच गल्लीच्या तोंडाला बांगड्यांचं दुकान चालवते. सिनेमा लागायच्या आधी तिच्याकडे जा. सगळं सांग, माझं नाव घेऊन सांग, आणि तुझी कविता कशी होती तेही सांग. मी फोन करून सांगू शकते. पण ते तुझ्या तोंडून यायला पाहिजे. तोवर माझ्या दाराशी येऊ नको.

शाल वापरतोस का? वापर.

अक्का


मुंबई,
१९ नोव्हेंबर २०२५

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

नाव बदलत नाही. ओठांच्या हालचाली जुळत नाहीत, आणि शेवटच्या भाषणात नायक ते सात वेळा उच्चारतो. शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला, सिनेमा लागतो आहे. माझी भीती ही, की दुसऱ्या दिवशी तुमच्या गल्लीत काय बोललं जाईल.

पण त्यासाठी हे पत्र नाही. मागच्या पत्रात मी तुमच्याशी खोटं बोलले.

फितुरी वरून आली नव्हती. कथा ऐकवायच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, की पण निरोप फुटतो कसा? सगळे माझ्याकडे बघत होते. दोन वर्षांची मेहनत त्या एका प्रश्नावर अडली होती. तेव्हा मला तुम्ही सांगितलेलं आठवलं, की ते परत आले तेव्हा गल्ली कुजबुजली होती. मी म्हणाले, बांगडीवाला. खोलीत एकदम उजेड पडल्यासारखं झालं. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. ते नाव उच्चारल्यावर कुणी विचारणार नाही, हे मला आत कुठंतरी ठाऊक होतं, आजोबा. मी त्याचाच फायदा घेतला. एकानंही मला सुचवलं नाही, एकानंही दबाव टाकला नाही. दुसऱ्या दिवशी करारावर सही झाली.

राजनंदिनीसाठी दोन महिने भांडले हे खरं आहे. पण दस्तगीरभाईंसाठी मी एक मिनिटही भांडले नाही. आणि बाईची बाजू मांडणारी लेखिका म्हणून माझ्या मुलाखती छापून येताहेत.

कुजबुज खोटी होती हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत, म्हणून मी स्वतःला माफ करून पाहिलं. जमलं नाही. मी विचारलंही नव्हतं.

मी कोल्हापूरच्या खेळाला येत नाही. तोंड दाखवायला जागा उरली तर पाडव्याला येईन. लोभ ठेवा म्हणायचा धीर होत नाही.

इरावती


कोल्हापूर,
२६ नोव्हेंबर २०२५, बुधवार

चि. इरावतीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून चार दिवस झाले. पहिल्या दिवशी फाडायला काढलं होतं. मग चष्मा लावून पुन्हा वाचलं आणि कपाटात अक्काच्या पत्राशेजारी ठेवलं. दोन्ही पत्रं एकाच माणसाविषयी लिहिली आहेत असं वाटत राहिलं.

तू विचारलं नव्हतंस, आणि मीही सांगितलं नव्हतं. का, ते लिहितो. कुजबुज झाली एवढ्यावर गोष्ट थांबवली की तिला एक हुरहूर राहते, मुलं डोळे मोठे करून ऐकतात. खरं सांगितलं तर ती संपून जाते. म्हणून मी वर्षानुवर्षं तिथंच थांबत आलो. तू बैठकीत जे केलंस ते मी वर्गात करीत होतो. फक्त माझ्यापुढे पोरं होती आणि शिट्ट्या पडत नव्हत्या.

अक्कानं जैतूनबीकडे जायला सांगितलं आहे. तीनदा गेलो. पहिल्यांदा दुकानात गिऱ्हाईक होतं. दुसऱ्यांदा ती एकटीच होती, तर मी सेफ्टी पिना घेऊन परत आलो. काल पुन्हा पिनाच घेतल्या. तिनं हसून विचारलं, की मास्तर, एवढ्या पिना कशाला, शाळेला नाटक बसवताय काय? मी हो म्हणालो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला पिनांच्या आड लपायची वेळ आली.

मग सकाळी वाटलं, की आपल्याला बोलता येत नाही तर लिहून न्यावं, तिच्यापुढे वाचून दाखवावं. जुनी कविता काढली आणि पहिली ओळ बदलून पाहिली. 'निघाली घरातून ती सांजवेळी.' इरावती, भुजंगप्रयाताला काडीचीही अडचण झाली नाही! गण जसेच्या तसे. मुलगा घालावा अशी वृत्ताची मागणी कधीच नव्हती गं. मग दस्तगीरभाईंची ओळ लिहायला बसलो, तर ते नाव काही केल्या त्या वृत्तात बसेना. तासभर झगडलो. बाबा म्हणू, चाचा म्हणू, असंही करून पाहिलं. शेवटी वृत्त सोडून दिलं आणि साध्या गद्यात दीड पान लिहिलं. कोण आले, काय आणलं, कुणी नेलं, कुणी मार खाल्ला, कुणी तोंड उघडलं नाही, आणि कुणी सत्तर वर्षं सांगितलं नाही. माझं नाव त्यात तीनदा येतं. आयुष्यात पहिल्यांदा यमकाशिवाय काही लिहिलं, आणि पहिल्यांदाच त्यात काही खोटं नाही असं वाटलं. चार वाजता जाऊन वाचून दाखवणार आहे. आज पिना घेणार नाही.

तुझ्यावर राग आहे. तो लवकर जाणार नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही. पण पाडव्याची वाट कशाला बघतेस? मी एकटा जाऊन

बेल वाजली. दूधवाला असेल, बघून येतो.

इरावती, दारात जैतूनबी उभी होती. एवढ्या वर्षांत ती या घरी कधी आली नाही. हिरवी साडी, डोक्यावरून पदर, हातात पेढ्यांचा पुडा. उंबऱ्यातच वाकून माझ्या पायाला हात लावू लागली, मी मागे सरलो. तिला कुणीतरी सांगितलं आहे, की मास्तरांच्या नातीनं सिनेमा काढला आणि त्यात तिच्या बापाचं नाव जसंच्या तसं आहे. म्हणते, की जन्मभर लोकांचं ऐकून घेतलं मास्तर, पण शेवटी तुमच्या घरानंच आमच्या अब्बाचं खरं जगापुढं आणलं बघा. सुनेनं मोबाईलवर शुक्रवारच्या पहिल्या खेळाची तिकिटं काढून दिली आहेत. सबंध घर जाणार आहे. माझंही तिकीट काढलंय. तिच्या शेजारचं.

ती बाहेरच्या खोलीत बसली आहे. मी पाणी आणतो म्हणून आत आलो आणि स्वयंपाकघरात उभ्यानं हे लिहितो आहे. दीड पान टेबलावर, तिच्या समोरच पडलं आहे.

पाणी घेऊन बाहेर जातो.